झांजेच्या अंगावरचं साल

१. चारशे वर्षांची झांज?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. ‘आमचे काका बँडमध्ये ड्रम वाजवायचे. माळ्यावर त्यांची एक मोठी झांज सापडली. वर झिल्जियन असा शिक्का आहे. शोधून पाहिलं तर ही कंपनी १६२३ पासूनची निघाली. मग ही झांज चारशे वर्षांची असेल का हो?’

नसेल. टाटांचा उद्योग १८६८ साली सुरू झाला, म्हणून तुमच्या डब्यातलं मीठ १८६८ चं होत नाही. कंपनीचं वय वेगळं आणि मालाचं वय वेगळं. ड्रमसंचात वाजणारी, स्टँडवर एकटी टांगलेली मोठी झांज ही चीजच मुळात विसाव्या शतकातली. त्याआधीच्या तुर्की झांजा लष्करी बँडमध्ये आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदात जोडीने वाजायच्या. तेव्हा माळ्यावरच्या झांजेचं वय साधारण चाळीस ते नव्वद वर्षांच्या दरम्यान कुठेतरी असणार. प्रश्न उरतो तो त्या पन्नास वर्षांत नेमकं कुठे, एवढाच. पण तोच अवघड आहे, कारण जुन्या झांजेवर साल घालायची पद्धत नव्हती.

‘प्रयोगशाळेत पाठवली तर?’ हा पुढचा प्रश्न. कार्बनवरून वय काढायची पद्धत लाकूड, हाड, कापड अशा कधीकाळी जिवंत असलेल्या गोष्टींना लागू पडते. धातू कधी जिवंत नव्हता. क्ष-किरणांनी धातूतलं तांबं किती आणि कथील किती ते कळेल, पण चांगल्या झांजेची कृती पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली आहे. आजीच्या आणि नातीच्या आमटीत तोच गोडा मसाला असेल, तर मसाला तपासून आमटी कुणाच्या हातची ते सांगता येत नाही.

मग जाणकार सांगतात कसं? शिवराई ओळखणारे सांगतात तसं. शिवराईच्या बहुतेक नाण्यांवर साल नाही. तरी अक्षरांचं वळण, ठिपके, शब्द कुठे तोडला आहे, वजन किती भरतं, हे पाहून नाणेसंग्राहक तिला एखाद्या गटात बसवतात. झांजेचंही तेच. शिक्का हा पहिला साक्षीदार. पण तो एकटाच साक्षीदार नव्हे, आणि कधीकधी तो साफ फसवतो.

२. आधी धातू

शिक्का वाचण्याआधी झांज कशाची आहे ते पाहू. यात तीन प्रकार भेटतात.

पहिला प्रकार तुमच्या ओळखीचा आहे. उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून जी काशाची वाटी घासतात, त्याच कुळातला हा धातू. साधारण पाच भागांत चार भाग तांबं आणि एक भाग कथील. कथिलाचं प्रमाण शेकडा वीस, म्हणून झांजवाले याला ‘बी-ट्वेंटी’ म्हणतात. काशाच्या भांड्यावर टिचकी मारली की नाद किती वेळ रेंगाळतो ते आठवा. तोच गुण इथे कामाला येतो.

काशाची खोड अशी, की ते गार असताना ठोकलं तर तडकतं. म्हणून ओतलेली चकती भट्टीत लाल करून लाटायची, पुन्हा तापवायची, पुन्हा लाटायची. आणि इथे एक उलटी गंमत आहे. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं तर कडक होतं. कासं सावकाश निवू दिलं तर ठिसूळ होतं आणि लालभडक असताना पाण्यात बुडवलं तर हातोडी सोसण्याइतकं नरम येतं. हे ज्याला साधलं त्यालाच पातळ, तरीही न फुटणारी झांज करता आली. तुर्की झांजेचं जे गुपित म्हणतात, ते या तापवण्या-बुडवण्यात बरंचसं आहे.

दुसरा प्रकार ‘बी-एट’, म्हणजे कथील शेकडा आठ. हा धातू गार असतानाही लाटता येतो, त्यामुळे त्याचे तयार पत्रे मिळतात आणि त्यातून गोल कापून झांज करता येते. तो स्वस्त आहे म्हणून वाईट, असं मात्र समजू नका. पाइस्ते कंपनीची १९७१ साली आलेली ‘२००२’ ही मालिका बी-एटचीच, आणि रॉक संगीतात तिने मोठं नाव कमावलं. तिसरा प्रकार पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त. शिकाऊ ड्रमसंचाबरोबर येणारी, पिवळीजर्द आणि कड सहज वाकणारी झांज बहुधा पितळेची असते. तिचं वय शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही.

३. एक घराणं, दोन देश

आता थोडा इतिहास. हा भाग ओलांडून पुढे गेलात तर शिक्क्यांवरची नावं डोक्यात गुंता करतील.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अवेदिस नावाचा आर्मेनियन किमयागार होता. तांब्या-कथिलाच्या खटपटीतून त्याला झांजेचा धातू गवसला. सुलतानाच्या दरबारातून त्याला नाव मिळालं झिल्जियन. तुर्कीत ‘झिल’ म्हणजे झांज, ‘जी’ म्हणजे करणारा, आणि शेवटचा ‘यान’ हा आर्मेनियन आडनावांतला, ‘चा मुलगा’ या अर्थाचा. आपल्याकडे तांबट, कासार ही आडनावं जशी धंद्यावरून आली, तसंच हे.

एकोणिसाव्या शतकात याच घराण्यात केरोप नावाचा कारागीर झाला. १८६५ पासून कारखाना त्याच्या हातात आला आणि झांजांवर ‘के. झिल्जियन’ असा शिक्का पडू लागला. हा ‘के’ म्हणजे केरोप. पुढे घराण्यातला तिसरा अवेदिस अमेरिकेत गेला आणि बॉस्टनच्या परिसरात मिठाईच्या धंद्यात पडला. चांगलं चाललं होतं. १९२७ साली त्याला काका अराम यांचं पत्र आलं, की घराण्याचा वारसा आता तुझ्याकडे येतो. नाखुशीनेच त्याने हो म्हटलं आणि १९२९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावी झांजांचा कारखाना सुरू झाला. या झांजांवर ‘अवेदिस झिल्जियन’ असा शिक्का.

तेव्हापासून जगात झिल्जियन नावाच्या दोन वेगळ्या झांजा होत्या. अमेरिकेत बनणारी ‘ए’ आणि तुर्कस्तानात बनणारी ‘के’. गंमत म्हणजे दोन्ही एकाच दुकानात विकायला असत, कारण तुर्की ‘के’ झांजा अमेरिकेत आणायचं काम ग्रेच ही ड्रम बनवणारी कंपनी करायची. ही स्थिती १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली. मग अमेरिकी शाखेने ‘के’ नावाचे हक्क घेतले आणि पुढच्या दशकात इस्तंबूलचा जुना कारखाना बंद पडला.

घराण्याची तिसरी फांदी कॅनडात आहे. १९६८ साली तिथल्या मेडक्टिक गावी झिल्जियनने कारखाना काढला. तिसरे अवेदिस १९७९ साली गेले आणि दोन मुलांत वाटण्या झाल्या. धाकट्या रॉबर्टकडे कॅनडाचा कारखाना आला. १९८१ मध्ये त्याने नवं नाव घेतलं, साबियन. सॅली, बिली आणि अँडी या आपल्या तीन मुलांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून केलेलं. त्यामुळे साबियनचा शिक्का दिसला की निदान एक गोष्ट पक्की, झांज १९८१ च्या आधीची नाही.

४. शिक्का वाचताना

झांज खिडकीजवळ न्या, तिरपी धरा आणि उजेड एका बाजूने पडू द्या. समोरून पाहिलेला पुसट शिक्का काही सांगत नाही. तिरप्या उजेडात त्याच्या कडांना सावली धरते आणि अक्षरं वर येतात. ताम्रपट वाचणारे हेच करतात. मोबाइलचा दिवा असला तरी चालतो.

अमेरिकी ‘ए’ झांजेवर ठोकलेला शिक्का असतो. त्यात उस्मानी तुर्कीची अरबी वळणाची अक्षरं, मग अवेदिस झिल्जियन कंपनीचं नाव, मग ‘जेन्युइन टर्किश सिंबल्स’ आणि शेवटी ‘मेड इन यू. एस. ए.’. अस्सल तुर्की झांज, अमेरिकेत बनवलेली! यात लबाडी नाही. ‘तुर्की झांज’ हे पद्धतीचं नाव आहे. पैठणी येवल्यात विणली तरी पैठणीच असते.

पण ती अरबी अक्षरं पाहून अनेकजण फसतात. तुर्कस्तानने १९२८ साली अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली. मग ‘अरबी अक्षरं आहेत, म्हणजे १९२८ च्या आधीची झांज’ हा तर्क कागदावर बिनतोड दिसतो. फक्त तो चुकीचा आहे. क्विन्सीचा कारखाना सुरूच झाला लिपी बदलल्यानंतर, आणि त्याने घराण्याची खूण म्हणून जुनी अक्षरं पुढे कैक दशकं शिक्क्यात ठेवली. लग्नपत्रिकेवर अजून ‘श्री गजानन प्रसन्न’ छापतात, त्यावरून छापखाना पेशवाईतला ठरत नाही.

तर ‘ए’ शिक्क्यांचे संग्राहकांनी पाडलेले गट असे. १९३० च्या दशकातला तो पहिला शिक्का. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९५० च्या सुरुवातीपर्यंतचा तो ‘ट्रान्स’, म्हणजे मधला, संक्रमणाचा. मग पन्नाशीतले शिक्के, त्यातही लहान आणि मोठे. मग साठीतला आणि मग सत्तरीतला. फरक कशात? शिक्क्याची एकूण उंची, अक्षरांची जाडी, उस्मानी ओळीतल्या रेषांचं वळण, दोन ओळींमधली जागा. शिक्का मारायचा ठसा झिजला की नवा करायचा, आणि नवा कधीच जुन्याची हुबेहूब नक्कल नसतो. त्या नकलेतल्या चुका आपल्याला आज उपयोगी पडतात. हे गट अनेक संग्राहकांनी असंख्य झांजा शेजारीशेजारी ठेवून, जुन्या जाहिराती आणि पहिल्या मालकाकडून मिळालेल्या ड्रमसंचांशी ताडून जुळवले आहेत. म्हणून त्यांच्या सीमा धूसर आहेत. ‘१९५४’ असं ठाम सांगणाऱ्यापेक्षा ‘पन्नाशीच्या मध्यावरची’ असं सांगणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवतो.

यातला सर्वांत जास्त भेटणारा शिक्का साठीतला, आणि त्याचं कारण झांजेत नसून दूरचित्रवाणीत आहे. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स एड सलिव्हनच्या कार्यक्रमात अमेरिकेला दिसले. मागे उंचावर रिंगो स्टार ड्रम वाजवत होता. दुसऱ्या दिवसापासून पोराटोरांना ड्रम हवे झाले, आणि ड्रम घेतले की झांजा आल्याच. माल जास्त निघाला म्हणून आज जास्त सापडतो. साठीतली ‘ए’ दुर्मीळ असल्याचं कुणी विकणारा सांगू लागला, तर चहा प्या आणि उठा.

शाई ही नंतरची खूण. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात झांजेवर कंपनीचं नाव शाईने मोठ्या अक्षरांत छापायला सुरुवात झाली. आधी अक्षरं पोकळ, नुसत्या बाह्यरेषेची. १९८० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत ती भरीव झाली. १९९० च्या दशकात लेझरने कोरलेले क्रमांक आले आणि मग आपल्या या विद्येची गरजच राहिली नाही. पण शाई नाही म्हणजे झांज जुनी, असंही धरू नका. शाई पुसते. पुसलेल्या शाईखालचा धातू कमी काळवंडलेला असतो. तिरप्या उजेडात कधीकधी अक्षरांची फिकी भुतं दिसतात, ती आधी शोधा.

५. ‘के’चं गौडबंगाल

‘के’ हे अक्षर दिसलं की लोकांचे डोळे लकाकतात. कारणही तसंच आहे. आर्ट ब्लेकी, एल्विन जोन्स, मेल लुइस, टोनी विल्यम्स अशा जॅझच्या मोठ्या ड्रमरांच्या हाताखाली तुर्की ‘के’ होत्या. त्यांचा आवाज ‘ए’पेक्षा गडद, जरा धुरकट. अमेरिकी झांज स्टीलच्या ताटासारखी लख्ख वाजते असं धरलं, तर ‘के’ काशाच्या परातीसारखी.

इथे शहराचं नाव मदतीला येतं. शिक्क्यात ‘कॉन्स्टँटिनोपल’ असेल तर झांज साधारण १९३० च्या आधीची, कारण त्या वर्षी तुर्की सरकारने ‘इस्तंबूल’ हेच नाव अधिकृत ठरवलं. पाकिटावर ‘बॉम्बे’ वाचून पत्र १९९५ च्या आधीचं असावं असा अंदाज आपण बांधतो, तसाच हा. ‘इस्तंबूल’ असेल तर १९३० नंतरची. मग संग्राहक पुन्हा तीन भाग करतात, जुना शिक्का, मधला शिक्का आणि नवा शिक्का. जुना ढोबळमानाने पन्नाशीच्या अखेरीपर्यंत, मधला साठीतला, नवा कारखाना बंद पडेपर्यंतचा.

आता सापळे. एक, ‘के’ नावाच्या झांजा कॅनडातही बनल्या आणि १९८२ पासून अमेरिकेत बनू लागल्या. त्या चांगल्या आहेत, पण त्या इस्तंबूलच्या नव्हेत. शिक्क्यात देशाचं नाव वाचल्याशिवाय पैसे काढू नका. दोन, झिल्जियनने अलीकडच्या काळात ‘के कॉन्स्टँटिनोपल’ नावाची नवी मालिकाच काढली आहे. तिच्यावर ते शहर मोठ्या दिमाखात शाईने छापलेलं असतं. वरचा १९३० चा नियम ठोकलेल्या शिक्क्याला लागू आहे, छापील नावाला नाही. तीन, जुना कारखाना बंद पडल्यावर तिथल्या हातांनी विद्या सोडली नाही. मेहमेत आणि अगोप या दोन कारागिरांनी १९८० च्या दशकात ‘इस्तंबूल’ याच नावाने झांजा काढल्या. १९९६ साली अगोप गेले आणि एकाच्या दोन कंपन्या झाल्या, इस्तंबूल अगोप आणि इस्तंबूल मेहमेत. तेव्हा नुसतं ‘इस्तंबूल’ वाचून कुणी तुम्हाला १९४० ची झांज विकत असेल, तर आजूबाजूला ‘के. झिल्जियन’ आहे का ते पाहा.

६. हातोडी, लेथ आणि काटा

पुण्याच्या तांबट आळीत कधी उभे राहिला असाल तर मठारकाम पाहिलं असेल. हातोडीचा प्रत्येक घाव भांड्यावर एक चपटा डोळा उमटवतो. हाताने मठारलेल्या भांड्याचे डोळे एका ओळीत असले तरी एकसारखे नसतात, यंत्राचे असतात. झांजेवर बोट फिरवून पाहा. तुर्की ‘के’वर घाव खोल, विखुरलेले, कुठे दाट कुठे विरळ लागतात. बऱ्याचदा मधली वाटीही नेमकी मध्यावर नसते, आणि झांज सपाट फरशीवर ठेवली तर एका बाजूने किंचित डुगडुगते. अमेरिकी झांजांवर यंत्राच्या हातोडीचे नियमित घाव येतात, आणि जसजसं अलीकडे यावं तसतसे ते अधिक शिस्तीत बसलेले दिसतात.

मग लेथच्या रेघा. झांज फिरत्या यंत्रावर लावून वरचा थर सोलतात, त्याने गोलाकार बारीक चर पडतात. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारखे दिसतात. मूळ चरांना एक सलगपणा असतो. अधेमधे चरांची जाडी एकदम बदलली, किंवा एखाद्या पट्ट्यात धातू बाकीच्यापेक्षा ताजा दिसला, तर कुणीतरी नंतर झांज पुन्हा लेथवर चढवून पातळ केली असं समजा. शिक्का खरा, पण झांज आता ती राहिलेली नाही.

आकारावरूनही थोडं कळतं. १९२०-३० च्या नाचगाण्याच्या बँडमध्ये झांजा लहान असत. पायाने वाजणारी हाय-हॅट ही जोडी त्याच काळात रुळली. पुढे काठीने सतत तालाचा धागा धरायची जबाबदारी मोठ्या झांजेवर, म्हणजे ‘राइड’वर आली, आणि वीस-बावीस इंची झांजा चाळिशीनंतर सर्रास दिसू लागल्या. तिसऱ्या अवेदिसने जीन क्रूपासारख्या ड्रमरांचं ऐकून झांजा पातळ करायला घेतल्या, तेही याच उलाढालीत. बावीस इंची झांज कुणी १९२५ ची म्हणून दाखवली तर शंका घ्यावी.

वजन मात्र डोळ्यांनी नाही, काट्यावर आणि ग्रॅममध्ये. दोन झांजांचं वजन तोलताना एक साधा हिशेब लक्षात ठेवायचा: जाडी तीच असेल तर वजन व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. समजा वीस इंची झांज २१०० ग्रॅमची आहे. तेवढ्याच जाडीची बावीस इंची किती भरेल? बावीसला विसाने भागून वर्ग करा, १.२१. म्हणजे साधारण २५४० ग्रॅम. आणि सोळा इंची? १६ भागिले २० म्हणजे ०.८, त्याचा वर्ग ०.६४, म्हणजे साधारण १३४५. तुमची बावीस इंची झांज २५०० भरली तर ती जड नाही, ती नुसती मोठी आहे. सत्तरीत रॉकचे आवाज वाढले तशा झांजाही जाड होत गेल्या, त्यामुळे सत्तरीचा शिक्का आणि भरघोस वजन हे जोडीने आलं तर नवल नाही. सत्तरीचा शिक्का आणि कागदासारखी पातळ झांज आली तर लेथच्या रेघा पुन्हा एकदा पाहा.

७. झिजेची भाषा

जुन्या झांजेचं मधलं भोक बारकाईने बघा. स्टँडचा दांडा वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासला की गोल भोक कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखं लांबोळं होतं. ही खरी झीज. पण झांज जुनी आहे असं सांगताना भोक मात्र कोरं करकरीत असेल, तर एकतर ती कुणी वाजवलीच नाही किंवा भोक नंतर मोठं केलं. जुन्या झांजांची भोकं आजच्यापेक्षा थोडी बारीक असत, नव्या स्टँडवर बसावीत म्हणून लोक ती मोठी करतात. खिळ्यांसाठी पाडलेली बारीक भोकंही दिसतील. एके काळी झांजेत सैल खिळे अडकवून तळल्यासारखा चुरचुरीत आवाज काढायची फार हौस होती.

कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे चीर आहे. चिरेची मजा अशी की ती थांबत नाही. म्हणून जुने दुरुस्ती करणारे चिरेच्या टोकाला एक छोटं गोल भोक पाडतात, म्हणजे चीर तिथेच अडते. कधी चिरलेली कड पूर्ण कापूनच टाकतात. वीस इंची झांज साडेएकोणीस भरली, तर असं काही झालं आहे का ते तपासा. मात्र तुर्की झांजा मुळातच नेमक्या मापाच्या नसायच्या, त्यामुळे एकाच दिशेने मोजू नका. दोन-तीन दिशांनी फूटपट्टी लावा.

आणि आता आर्जव. झांज हाती आली की पहिलं काम म्हणून चिंच-मीठ घेऊन बसू नका! देवघरातली समई घासावी तशी झांज घासली की ती झगमगेल आणि पुसट शिक्का कायमचा जाईल. तो तपकिरी-हिरवट थर म्हणजे घाण नव्हे, तो झांजेचा जन्मदाखला आहे. थर एकसारखा असेल तर झांज जशी होती तशी आहे. तुकड्यातुकड्याने असेल तर तिच्याशी कुणीतरी खेळलं आहे. ही चूक मी स्वतः केली आहे, तरुणपणी, एका मित्राच्या झांजेवर. लख्ख झाली म्हणून तो खूश झाला. शिक्का गेला हे दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

८. मुंबईत काय सापडतं

आपल्याकडे या झांजा आल्या कशा, हे थोडक्यात. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजत होतं, आणि गोव्याचे वादक त्या बँडमध्ये होते. अल्दोन्याच्या अंतोनिओ वाझ यांनी चिक चॉकलेट या नावाने तिथे ट्रम्पेट गाजवली. हेच वादक पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी झांज मिळणं दुरापास्त झालं. त्यामुळे इथे भेटणाऱ्या जुन्या झांजा बहुधा खूप वाजवलेल्या आणि दुरुस्त केलेल्या असतात. समुद्राच्या हवेने थर लवकर चढतो, तेव्हा काळवंडलेपणावरून वय काढायचं असेल तर मुंबईच्या झांजेला दहा-वीस वर्षांची सूट द्या. झिल्जियनबरोबरच ब्रिटिश प्रीमियर कंपनीच्या ‘झिन’ आणि ‘सुपर झिन’ भेटतात, आणि पाइस्तेही. पाइस्तेच्या सत्तरीपासूनच्या झांजांवर ठोकलेला क्रमांक असतो आणि त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांत वर्ष दडलेलं असतं. स्विस लोकांनी आपलं काम फार सोपं करून ठेवलं आहे.

९. एक झांज, पूर्ण तपासून

शेवटी सगळं एकत्र लावून पाहू. समोर एक झांज आहे. व्यास वीस इंच. शिक्का ठोकलेला: उस्मानी अक्षरं, अवेदिस झिल्जियन, मेड इन यू. एस. ए.

पहिली पायरी: १९२९ च्या आधीची नाही, कारण अमेरिकेतला कारखानाच त्या वर्षीचा. दुसरी पायरी: व्यास. वीस इंची राइड आहे, तेव्हा चाळिशीच्या अलीकडे यायला हरकत नाही. तिसरी: शाई दिसत नाही, तिरप्या उजेडात भुतंही नाहीत. म्हणजे सत्तरीच्या उत्तरार्धाच्या पलीकडे. पट्टा १९४० ते १९७५ असा आला. चौथी: शिक्का मोजला, नमुन्यांशी ताडला, तो साठीच्या गटात बसला. पाचवी: घाव यंत्राचे, शिस्तशीर. तेही जुळतं. सहावी: वजन २१५० ग्रॅम, म्हणजे मध्यम. सत्तरीच्या जाडीची नाही.

इथपर्यंत सगळे साक्षीदार एका सुरात बोलतात. मग मी झांज उलटी करतो. खालच्या बाजूला, वाटीच्या कडेला, निळ्या रंगाचे दोन ठिपके. कुणीतरी ऑइल पेंटने खूण केली आहे, बहुधा गाडीत सामान चढवताना आपली झांज दुसऱ्याच्या बँडमध्ये जाऊ नये म्हणून. त्याने काळ ठरत नाही. तरी मी वहीत लिहून ठेवतो: ‘ए, २० इंच, २१५० ग्रॅम, साठीतला शिक्का, भोक लांबोळं, चीर नाही, निळे ठिपके दोन.’